तिघींची सभा

४ मार्च

दादा,

वहिनींची कंबर कशी आहे हे आधी विचारायला हवं, पण आज तेवढा धीर नाही. माझं डोकं फिरलंय. फोन केला असता, पण फोनवर तू नुसतं "हॅलो, ऐकू येत नाही" करतोस आणि ठेवून देतोस. म्हणून बसून लिहितेय.

रविवारी आम्ही नेहमीसारख्या सभागृहात जमलो. मी, नर्सबाई आणि बेकरीवाली. सभेतले शेवटचे बंधू, घड्याळजी, गेल्यापासून तिघीच उरलोय. पुरुषांच्या बाजूच्या बाकांकडे आता मी जाते ती फक्त धूळ पुसायला. मी टेबलावर पांढरी चादर घातली, बेकरीवालीने पाव आणून ठेवला, ज्याला आपण सभेत भाकर म्हणतो, नर्सबाईने पेल्यात द्राक्षरस ओतला, आणि आम्ही आमच्या बाजूला जाऊन बसलो. आता पुढे काय? आपल्याकडे पाळक नाही, वेदी नाही. ज्या बंधूला आतून सुचेल त्याने उभं राहायचं, उपकार मानायचे, भाकर मोडायची. गीत कोणतं म्हणायचं हेसुद्धा त्यानेच सांगायचं. बहिणींनी गप्प बसायचं. आता बंधूच नाही, तर आम्ही तासभर गप्प बसतो आणि मग बेकरीवाली अख्खा पाव कागदात गुंडाळून परत नेते. दीड वर्ष हे चाललंय. एक रविवार चुकवलेला नाही. नर्सबाईच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा तिला शेजारच्या टायरवाल्याच्या माणसांकडून खुर्चीसकट उचलून आणवलं होतं.

तर आम्ही बसलेल्या असताना दार उघडलं आणि वारसा कार्यालयातली एक बाई आत आली. गळ्यात कॅमेरा, हातात टेप. दारात जरा घुटमळली, मग हळूच विचारलं, कुणाची वाट बघताय का? सभेत आम्ही बोलणार कशा? नर्सबाईने तिच्याकडे पाहून मान हलवली, म्हणजे थांब बाई, असं सांगितलं. तिला वाटलं, नाही म्हणतायत. तिने सरळ मोजायला सुरुवात केली. खिडक्या मोजल्या, टेबल मोजलं, जमिनीच्या फळ्या उचलून खालचा बाप्तिस्म्याचा हौद मोजला. टेप नर्सबाईच्या मांडीवरून पलीकडे नेली. फोटो काढताना आम्हाला म्हणाली,

"जरा बाजूला सरकाल का? बाक दिसत नाहीये."

आणि आम्ही सरकलो, दादा. एवढ्या मुकाट्याने सरकलो की मला अजून स्वतःचाच राग येतोय.

आज सकाळी दारावर नोटीस चिकटवलेली सापडली. आपलं पत्र्याचं सभागृह वारसा वास्तू ठरलंय, तेही "वापरात नसलेली" वारसा वास्तू. नगरपालिका ते ताब्यात घेणार आणि त्याचं प्रदर्शन करणार. बाक जमिनीला स्क्रूने पक्के करणार. हौदावर काच बसवणार, म्हणजे येणाऱ्याजाणाऱ्याला आत वाकून बघता येईल. वेळ सकाळी दहा ते पाच. रविवारी बंद.

रविवारी बंद! मी ती ओळ उभ्या उभ्या पुन्हा पुन्हा वाचली. तू विश्वस्त आहेस. आता एकटाच उरलेला विश्वस्त. त्यांना ताबडतोब लिही की इथे सभा भरते. आणि हे "वापरात नाही" त्यांच्या कानात कुणी भरलं, तेही जरा शोधून काढ. मला त्या माणसाचं तोंड बघायचंय.

तुझी धाकटी

*

११ मार्च

धाकटे,

वहिनीची कंबर आहे तशीच आहे. लिफ्ट बंद पडली की माझीही भर पडते. नववा मजला म्हणजे काय ते तुला इथे आल्याशिवाय कळायचं नाही.

तुझं पत्र वाचलं. तुझा संताप समजतो, पण जरा शांतपणे विचार कर. यादीत नाव लागलं ही वाईट गोष्ट आहे का? टायरवाला किती वर्षं त्या जागेवर डोळा ठेवून आहे हे तूच मला कळवत होतीस. भिंतीला भिंत लागून त्याचं गोदाम. आज मी आहे म्हणून तो गप्प आहे. उद्या मी गेलो की विश्वस्त कोण? माझ्या मुलाला यात काडीचा रस नाही, आणि त्याला दोष देऊन उपयोग नाही. मग एका सकाळी क्रेन येईल आणि आबांनी आणि त्यांच्या मित्रांनी स्वतःच्या हाताने उभे केलेले ते पत्रे भंगारात जातील. वारसा कार्यालयाने हात ठेवला तर निदान एक खिळाही कुणाला काढता येणार नाही.

कार्यालयाने चौकशी केलीच असेल कुठेतरी. अशा कामात ते सगळीकडे विचारतात. कुणी सांगितलं याच्या मागे लागण्यात अर्थ नाही.

आणि खरं बोलायचं तर, घड्याळजी गेल्यापासून तिथे सभा होते असं आपल्याला म्हणता येईल का? तुम्ही तिघी निष्ठेने बसता, त्याचं मला कौतुक आहे. पण उपकारस्तुती नाही, भाकर मोडली जात नाही, वचन उघडलं जात नाही. तेवढं बसणं नर्सबाईच्या घरीही होईल, तिच्या गुडघ्यालाही बरं पडेल. आपण लहानपणापासून हेच शिकलो ना, की सभा म्हणजे माणसं, पत्रे नव्हेत?

भांडू नकोस. बीपीच्या गोळ्या घे.

तुझा दादा

*

१७ मार्च

दादा,

गोळ्या घेतल्या. तरी लिहितेय.

सभा म्हणजे माणसं, पत्रे नव्हेत, हे तू मला सांगतोस? मग आम्ही कोण रे? आम्ही त्या बाकांपैकी आहोत का? कारण त्या टेपवाल्या बाईने तरी आम्हाला बाकांतच धरलं. तिचं एकवेळ समजू शकते, ती बिचारी परकी. तू तर त्याच बाकांवर मोठा झालास. दोघं-तिघं जण जमले म्हणजे पुरे, हे वचन तू रविवारच्या शाळेत पोरांकडून पाठ करून घ्यायचास. माझ्याकडूनही घेतलंस. त्यात ते जण पुरुष असावेत असं काही मी पाठ केल्याचं मला आठवत नाही.

आणि म्हणे नर्सबाईच्या घरी बसा. नर्सबाईचं घर म्हणजे एक खोली आणि सहा मांजरं.

मला हे सभागृह पाहिजे, दादा. मला ते सुंदर वाटतं म्हणून नाही. उन्हात तापतं, पावसात कान फुटतात, आणि पूर्वेच्या कोपऱ्यात गळतं. पण माझा बाप्तिस्मा त्या हौदात झाला, आईचा झाला, तुझा झाला. माझ्या आयुष्यातले सगळे रविवार मी तिथे होते. दुकानात मी दिवसभर ब्लाऊजची मापं घेते, गिऱ्हाइकांशी वाद घालते, मुलींना शिवणीवरून ओरडते. तो एक तास मी कुणाची कोणी नसते. तो माझा तास मी दहा ते पाचच्या तिकिटात बसवू देणार नाही.

पत्र इथपर्यंत लिहून परवा दुकान उघडायला उठले, ते आज पुढे लिहितेय. मधल्या काळात जे झालं ते आधी झालं असतं तर वरचं सगळं लिहिलंच नसतं.

काल ती वारसावाली बाई पुन्हा आली. यावेळी मी एकटीच होते, बोलायची मुभा होती, आणि मी बोलले. चांगली आहे तशी. वितळली एकदम. म्हणाली, असं पत्र्याचं, खोक्यातून सुटं सुटं आणून जोडलेलं सभागृह आता जवळपास कुठेच उरलेलं नाही, आतल्या लाकडी फळ्या अजून मूळच्या आहेत, म्हणून तिने स्वतः हट्ट धरून हे यादीत घातलं. मी म्हटलं, घातलंस ते छान केलंस, पण बंद आहे हे कुठून काढलंस? आम्ही तुझ्यासमोर बसलो होतो. तिचा चेहरा पडला. म्हणाली, तुम्ही उन्हातून येऊन जरा टेकला आहात असं वाटलं मला. आणि मी आधीच फोन करून विचारून घेतलं होतं. तुमच्या विश्वस्तांनीच सांगितलं, दीड वर्षापासून सभा बंद आहे.

म्हणजे तू.

माझ्याशी बोलताना तुला फोनवर ऐकू येत नाही, आणि तिच्याशी बरं व्यवस्थित बोललास. आणि वर मला लिहितोस, कुणी सांगितलं याच्या मागे लागू नकोस. मला त्या माणसाचं तोंड बघायचं होतं. मी ते लहानपणापासून बघतेय.

मी हरकत घेतली आहे. कार्यालयाच्या समितीने यावं आणि स्वतःच्या डोळ्यांनी बघावं, आणि यायचं तर रविवारी यावं, असं सांगितलं. मे महिन्याचा पहिला रविवार ठरलाय.

धाकटी

*

२९ मार्च

धाकटे,

हो, मीच सांगितलं. तुला आधी कळवायला हवं होतं. कळवलं नाही, कारण तू असंच पत्र लिहिशील हे माहीत होतं.

पण मी खोटं बोललो नाही. त्या बाईंनी विचारलं, तिथे उपासना होते का? मी काय सांगू? आपल्या रीतीप्रमाणे होत नाही. हो म्हटलं असतं तर ते असत्य झालं असतं, आणि कागदोपत्री सोय व्हावी म्हणून असत्य बोलायला आबांनी मला शिकवलेलं नाही. दुसरं म्हणजे, बंद आहे म्हटल्यावरच नगरपालिका ताबा घेते आणि डागडुजी करते, असं त्या म्हणाल्या. मला वाटलं, निदान गळणारा कोपरा दुरुस्त होईल. तुझ्या डोक्यावर पत्रा कोसळून तू गेलीस तर मी काय करू इथे?

आता तुझं दुसरं. तू लिहिलं नाहीस, पण मी तुझा भाऊ आहे, तुझ्या डोक्यात काय शिजतंय ते मला इथून दिसतं. समिती रविवारी येणार, तिला सभा चाललेली दिसायला हवी, म्हणजे कुणीतरी उभं राहायला हवं. ते करू नकोस. आबा सभेचे वडील होते तेव्हा, आणि त्यांच्या आधी, आणि नंतर घड्याळजींच्या वेळी, कधीही बहिणीने टेबलापाशी उभं राहून उपकार मानलेले नाहीत. आपल्या मनाला येईल तशी वाकवायला आपली रीत म्हणजे काही तुझ्या दुकानातलं कापड नव्हे. तू उभी राहून भाकर मोडलीस तर ती कुणी घेणार नाही. मी तर नाहीच.

रागावून लिहीत नाही. काळजीने लिहितोय.

दादा

*

६ एप्रिल

दादा,

नवव्या मजल्यावरून शेळ्या हाकणं सोपं असतं.

तुझी काळजी पोचली. आता माझं ऐक. मी उभी राहणार आहे.

समितीला दाखवायला नाही, हे नीट वाच. नाटकच करायचं असतं तर टायरवाल्याला कोट घालून उभा केला असता, तो पन्नास वेळा आमेन म्हणाला असता. मी उभी राहणार कारण तुझ्या पत्रातून मला एक गोष्ट कळली. दीड वर्ष आम्ही रीत पाळली, तोंड उघडलं नाही, भाकरीला हात लावला नाही, आणि त्या पाळण्याचाच तू अर्थ काढलास की तिथे कोणी नव्हतं. आम्ही रीत मोडली असती तर निदान मोडणाऱ्या म्हणून तरी मोजल्या गेलो असतो.

बाकी दोघींना सांगितलं. नर्सबाई म्हणाली, इतके दिवस कशाची वाट बघत होतीस? तिने आयुष्यभर रात्री-अपरात्री लोकांची बाळंतपणं केली, तिथे कुठला बंधू उभा होता, असं तिचं म्हणणं. बेकरीवाली मात्र रडली. तिचा नवरा या बाबतीत फार कडक होता, तो जाऊन इतकी वर्षं झाली तरी ती त्याच्या धाकात आहे. मला पाव आणायला सांगा, मी आणीन, पण मोडलेला घ्यायला सांगू नका, म्हणाली. मी तिला जबरदस्ती केली नाही.

आणि आता खरं सांगते. मंगळवारी दुकान लवकर बंद करून मी सभागृहात एकटी गेले. म्हटलं, बोलून बघू. टेबलापाशी उभी राहिले आणि माझ्या तोंडून आवाजच फुटेना. मी, दादा! अख्खा बाजार जिला "लाऊडस्पीकर" म्हणतो ती मी. शेवटी मी जाऊन आमच्या बाजूच्या बाकावर बसले. बसल्यावर बरं वाटलं, याचंच मला जास्त वाईट वाटलं.

मला भीती वाटते. तुझी नाही, समितीची तर नाहीच. चुकत असले तर, याची. तरीही मी उभी राहणार. तू येणार नाही म्हटलंस तरी तुझी जागा पुसून ठेवेन, ती माझी सवय आहे.

धाकटी

*

१९ एप्रिल

धाकट्या वन्सं,

हे पत्र माझं आहे. यांना माहीत नाही, म्हणजे माहीत असेल, पण विचारत नाहीत. पोस्टात टाकायला शेजारणीला देणार आहे, मला जिना उतरवत नाही.

तुमचं पत्र आल्यापासून हे धड जेवलेले नाहीत. पत्र मला वाचून दाखवलं, नेहमी दाखवतात तसं, मध्ये मध्ये थांबून "बघ, ही काय लिहिते बघ" करत. संपल्यावर म्हणाले, इतकी वर्षं सभेत राहून हिला एवढं कळू नये? मी भाजी निवडत होते. माझ्या तोंडून निघून गेलं. मी काही ठरवून बोलले नाही, वन्सं.

मी म्हटलं, "लग्न झाल्यापासून मी तुमच्या पलीकडच्या बाकावर गप्प बसले. मी तिथे नव्हते का?"

 मला वाटलं आता हे शास्त्र काढतील, कुठला अध्याय, कुठलं वचन. काही काढलं नाही. गॅलरीत जाऊन बसले. हाक मारली तर हूं करतात. चार दिवस झाले, घरात टीव्हीसुद्धा लागलेला नाही.

मी तुमच्या बाजूची आहे की यांच्या, ते मला विचारू नका. मला इतकंच माहीत आहे की मी उभी राहू शकले नसते. कधीच नाही. तुम्ही राहा.

काल हे गाडीचं वेळापत्रक काढून बघत होते. तिकीट काढलं की नाही, सांगत नाहीत.

वहिनी

*

७ मे

दादा,

तू आलास. एवढा प्रवास करून आलास आणि न भेटता निघूनही गेलास. माझ्या घरी चहाचं आधण ठेवलं होतं नर्सबाईने, ते उकळून उकळून संपलं.

मी तुला आत येताना पाहिलं. तुझी जागा मी पुसून ठेवली होती, पुरुषांच्या बाजूला पहिल्या बाकावर, टेबलासमोर. तू तिकडे बघितलंस आणि सरळ मागच्या बाकावर, दारापाशी जाऊन बसलास. तो बाक कुणाचा हे मी तुला सांगायला नको. एक तर परक्यांचा, नाहीतर सभेने शिस्त लावून ज्याला भाकरीपासून दूर ठेवलंय त्याचा. आता तुला शिस्त लावणारा तर कोणी जिवंत नाही. म्हणजे परका म्हणूनच बसलास. मी म्हटलं, ठीक आहे, तसं तर तसं.

समितीचे लोक भिंतीला लागून उभे होते. ती बाई टेप पिशवीत ठेवून आली होती. किती वेळ आम्ही गप्पच होतो. सवयच ती. मला वाटलं मी उठणारच नाही, असाच तास जाईल, बेकरीवाली पाव गुंडाळेल आणि हे लोक "वापरात नाही" असा शिक्का मारून जातील. मग कधी उठले ते मला कळलं नाही. काय बोलले तेही धड आठवत नाही. भाकरीबद्दल उपकार मानले. घड्याळजींबद्दल मानले. आईबद्दल मानले, जिने या खोलीत आयुष्यात एक शब्द उच्चारला नाही. आवाज घोगरा निघाला, दोनदा तुटला, पण निघाला. नर्सबाई एवढ्या मोठ्याने आमेन म्हणाली की समितीतले एक गृहस्थ दचकले.

मी भाकर मोडली. बेकरीवालीच्या हातचा पाव कडक असतो वरून, त्याचा आवाज झाला त्या शांततेत. तो ऐकून बेकरीवालीने मान वर केली. ताटली तिच्यापाशी गेली तेव्हा मी तिच्याकडे पाहिलंच नाही, तिला अवघडल्यासारखं होईल म्हणून. तिने घेतली, दादा. नवऱ्याच्या धाकातून उठून घेतली. मला वाटलं आता जग जिंकलं.

मग नर्सबाई काठी टेकत ताटली घेऊन मागे तुझ्याकडे आली. तू तिच्याकडे पाहिलंस, मान खाली घातलीस, आणि हात मांडीवरून उचलला नाहीस. ती किती वेळ उभी होती तुझ्यासमोर, त्या गुडघ्यांवर!

तू लिहिलंच होतंस, मी तर नाहीच घेणार. शब्दाचा पक्का आहेस. पण मला वाटलं होतं, एवढा लांब आलाय तो नाही म्हणायला नक्कीच आला नसेल. माझंच चुकलं. त्यांच्यादेखत नाकारलीस. आता त्या समितीला काय ठरवायचं ते ठरवू दे. त्यांनी टाळं लावलं तर आम्ही बाहेर पायरीवर बसू, आणि तिथे मी पुन्हा उभी राहीन. तू परक्यांच्या बाकावर बसलास म्हणून मी परकी होणार नाही.

धाकटी

*

१५ मे

धाकटे,

मी परक्यांच्या बाकावर बसलो नव्हतो.

त्या बाकाचे दोन उपयोग तूच लिहिलेस, आणि दुसरा माझ्या बाबतीत खोडून टाकलास, कारण मला शिस्त लावणारा कोणी उरला नाही म्हणे. मलाही गाडीत बसल्यावर हेच वाटलं. म्हणून मी माझी मीच लावून घेतली.

आपली रीत तुला माहीत आहे. ज्याने बहिणीचं किंवा भावाचं काही वाईट केलंय त्याने आधी ते निस्तरायचं, मग भाकरीला हात लावायचा. मी एका परक्या बाईला फोनवर सांगितलं की तुम्ही तिघी तिथे नाही. सरळ शब्दांत नाही सांगितलं, पण अर्थ तोच होता. तुझ्या वहिनीने भाजी निवडता निवडता मला ते दाखवून दिलं. असं ओझं मनावर घेऊन बसलेला माणूस ताटलीला हात कसा लावणार? नर्सबाई समोर उभी होती तेव्हा मला तिचे गुडघेच दिसत होते. घ्यावीशी फार वाटली. तुझ्या हातची म्हणून नाकारली असं तुला वाटेल, हे माझ्या टाळक्यात तेव्हा आलंच नाही. आलं असतं तरी घेतली नसती.

लगेच निघून गेलो नाही. स्टेशनजवळ एका लॉजवर राहिलो आणि सोमवारी वारसा कार्यालयात गेलो. त्या बाईंना म्हटलं, मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं, माझं म्हणणं बदलून घ्या. तिथली सभा एकही रविवार बंद नव्हती. त्या म्हणाल्या, पण तेव्हा बोलणारं कुणीच नव्हतं ना? मी म्हटलं, बाई, आमच्याकडे बोलणारे पुष्कळ होऊन गेले. टिकल्या त्या बसणाऱ्या. त्यांनी ते लिहून घेतलं आणि माझी सही घेतली.

तू उभी राहिलीस ते बरोबर की चूक, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. खोटं कशाला सांगू? या वयात इतकं पटकन उलटंपालटं होता येत नाही. पण तू आईचं नाव घेतलंस तेव्हा मला कळलं की मी त्या टेबलापाशी उभा राहून आयुष्यभर आबांचे उपकार मानले, आईचे एकदाही नाही.

माझी शिस्त उठवायची की नाही, ते मी ठरवू शकत नाही. ते सभेने ठरवायचं असतं.

दादा

*

२४ मे

दादा,

कार्यालयाची दुसरी नोटीस आली. "वापरात असलेली वारसा वास्तू." ताबा आपल्याकडेच. काच नाही, स्क्रू नाहीत, रविवारी बंद नाही. कार्यालयाच्या परवानगीशिवाय पत्र्याचा रंग बदलायचा नाही असं त्या टेपवाल्या बाईने आम्हालाच लिहिलंय, त्यावर माझं तिच्याशी भांडण सुरू आहे. गळणारा कोपरा मात्र आपल्यालाच दुरुस्त करायचाय. टायरवाला शिडी देतो म्हणाला.

तुझं पत्र मी दोघींना वाचून दाखवलं. तुला न विचारता वाचलं, कारण ते सभेपुढचं प्रकरण होतं. रविवारी भाकर झाल्यावर आम्ही तिघी तुझ्यावर विचार करायला बसलो, वडीलमंडळी बसायची तशा, टेबलाभोवती. नर्सबाई म्हणाली, अजून महिनाभर ठेवू मागच्या बाकावर, माझे गुडघे अजून दुखतायत. बेकरीवाली म्हणाली, त्याने जाऊन सांगितलं ना कार्यालयात, आता पुरे. मी काही बोलले नाही. मी बहीण पडले, माझं मत धरायचं नाही असं मीच म्हटलं. मग बराच वेळ आम्ही गप्प बसलो, आणि त्या बसण्यातच ठरलं.

सभेचा निर्णय असा: तुझी शिस्त उठवली आहे. वहिनींना घेऊन ये, जिना कसा उतरवायचा ते तू बघ. तुमच्या दोघांच्या जागा पुसल्या आहेत, शेजारी शेजारी, एकाच बाकावर. बाजूबिजू आता कुणी बघत नाही.

एवढंच, की उपकार मानायला तू उठू नकोस. येत्या रविवारी बेकरीवालीची पाळी आहे, आठवडाभर ती पीठ मळताना पुटपुटतेय. तू नुसता बस. वहिनी शिकवतील कसं बसायचं ते.

धाकटी